मित्रवर्यांचा मासा काट्यावर चढतो

पाण्यात असेपर्यंत मासा खाण्याने वाढतो आणि पाण्याबाहेर आल्यावर सांगण्याने वाढतो, हा निसर्गाचा नियम पृथ्वीच्या सर्व खंडांत सारखाच लागू असून, त्याला अपवाद म्हणून पुढे करता येईल असा एकही गळ टाकणारा इसम अद्याप जन्मास आलेला नाही. आपल्याकडे या वाढीस कोणी हरकत घेत नाही. तापीच्या काठच्या भोयाने सांगितलेला मासा ऐकणारा मुकाट्याने मान्य करतो, कारण तो मासा एव्हाना कालवणात गेलेला असतो आणि कालवणाचा पंचनामा करण्याचा आपल्याकडे शिरस्ता नाही. अमेरिकेने मात्र, चंद्रावरून आणलेल्या धोंड्यांचीही वजनासह दप्तरी नोंद ठेवणाऱ्या राष्ट्रास शोभेल अशा गांभीर्याने या प्रश्नात हात घातला, आणि माणसाच्या जिभेला लगाम घालण्यासाठी काटा, मोजपट्टी, घड्याळ, कायदेकानू, साक्षीदार आणि अखेरचा उपाय म्हणून असत्यशोधक यंत्र, एवढा सरंजाम बाळगणारी एक संस्थाच उभी केली. तिचे नाव बास टूर्नामेंट, म्हणजे बास नावाच्या माशाची स्पर्धा.

अशा संस्थेत माझ्या मित्रवर्यांनी आपण होऊन नाव घालावे, हे ऐकून मला जो विस्मय वाटला तो वाचकांस समजावा म्हणून मित्रवर्यांचा थोडा पूर्वेतिहास सांगणे प्राप्त आहे. जळगावास कॉलेजात असताना त्यांच्या खोलीत एक साप निघाला होता. निघाला त्या दिवशी तो दिवड होता, सहामाहीपर्यंत त्याची धामण झाली, आणि स्नेहसंमेलनाच्या सुमारास त्यास फणा फुटून त्यावर दहाचा आकडाही उमटला. घरून येणारी मनिऑर्डर तेवढी त्यांच्या तोंडून नेहमी घटून बाहेर पडे. पुढे ते अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेले, आणि अलाबामातील हंट्सव्हिल या शहरी, जेथे चंद्रावर माणसे पोहोचवणाऱ्या सॅटर्न-५ या अग्निबाणाची आखणी झाली त्या नगरीत, दशांशचिन्हाच्या उजवीकडील आकड्यांची राखण करण्याच्या कामी सारी हयात खर्ची घालून सेवानिवृत्त झाले. नोकरीत केसाएवढाही फरक खपवून न घेणाऱ्या या गृहस्थाने निवृत्त होताच मासेमारीचा छंद जोडला, याचे मला नवल वाटले नाही. इतकी वर्षे कोंडून ठेवलेली प्रतिभा कोठेतरी वाहणे भागच होते. नवल वाटले ते एवढेच, की ज्या छंदात बोलण्यावर कोणतीही जकात नाही, त्यातही काटा हजर असलेली जागा त्यांनी निवडावी, आणि त्या जागी साक्षीदार म्हणून मला बोलवावे.

आमच्या घराण्यात मासा कोणी शिजवलेला नाही, तेव्हा माझ्या हातून जीवहत्या व्हावी अशी योजना असल्यास मी येणार नाही, असे मी आरंभीच कळवले होते. त्यावर मित्रवर्यांनी खुलासा केला, की या खेळात मासा पकडतात, जिवंत ठेवतात, मोजतात, वजन करतात, टाळ्या वाजवतात आणि पुन्हा तळ्यात सोडून देतात. मेलेला मासा काट्यावर आणणाऱ्यास उलट दंड होतो. एवढा खटाटोप करून शेवटी हाती काही ठेवायचे नाही, हे ऐकल्यावर माझी शंका फिटली आणि कुतूहल वाढले. हंट्सव्हिलास पोहोचल्यावर वहिनींनी या खुलाशास आपल्या परीने पुष्टी दिली. चहाचा कप पुढे करीत त्या म्हणाल्या, "भाऊजी, यांनी पकडलेला एकही मासा मी अजून डोळ्यांनी पाहिलेला नाही, पण ऐकून ऐकून सगळे ओळखीचे झालेत."

मित्रवर्यांच्या घरी दोन मोटारींना पुरेल एवढे गॅरेज आहे, आणि म्हणून दोन्ही मोटारी बाहेर उभ्या असतात. आत नौका नांदते. वीस फूट लांबीची, अंगभर चमकीचा लाल रंग ल्यालेली, तळाशी गालिचा अंथरलेली आणि मागे अडीचशे अश्वशक्तीचे यंत्र लावलेली ही नौका पाण्यावर ताशी सत्तर मैल धावते, आणि असली नौका नवी घ्यावयाची तर पाऊण लाख डॉलर तरी मोजावे लागतात. तिच्या नाकाडावर विजेवर चालणारे दुसरे छोटे यंत्र असते, ते पायाने चालवून, आवाज न करता, माशाच्या नकळत त्याच्या दारात जाता येते. मासे जिवंत ठेवण्यासाठी नौकेच्या पोटात हौद असून त्यात पाणी सतत खेळते राहते आणि प्राणवायूचे बुडबुडे अखंड सुटत असतात. वहिनींच्या मोटारीवर पाइन वृक्षाच्या सुया पडून तिचा मूळ रंग कोणता याविषयी मतभेद संभवावा अशी स्थिती असता, या हौदाचे झाकण मात्र मित्रवर्य धुतलेल्या पंच्याने पुशीत होते.

प्रवासाच्या आदल्या सायंकाळी कागदपत्रे झाली. बाहेरगावच्या मनुष्यास अलाबामात गळ पाण्यात बुडवण्यापूर्वी परवाना काढावा लागतो. तो संगणकावर हां हां म्हणता मिळाला, आणि मासा पकडून त्याचे पुढे काय करणार, याची चौकशी त्यात कोठेही नव्हती. स्पर्धेच्या कबुलायतीचे तसे नव्हते. एका नौकेत दोघे असावेत. काट्यावर पाचच मासे आणावेत, सहावा मोठा सापडल्यास आधीच्या पाचांतील लहान मासा सोडून द्यावा. पंधरा इंचांहून आखूड मासा हौदात आढळल्यास दंड. नेमल्या वेळेनंतर परतल्यास प्रत्येक मिनिटास एक पौंड वजा. आणि विजयाविषयी संशय आल्यास स्पर्धकाने असत्यशोधक यंत्रापुढे बसून जबाब देण्यास बिनशर्त कबूल असावे. हे अखेरचे कलम मी दोनदा वाचून मित्रवर्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. ज्या पुरुषाने दिवडाचा नाग केला, त्याने या कलमाखाली चष्माही न लावता सही ठोकली आणि लेखणी माझ्या हाती दिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे, किंवा खरे म्हणजे पहाटेस अद्याप बराच अवकाश असताना, आम्ही नौका मागे जोडून स्कॉट्सबरोच्या वाटेस लागलो, आणि वाटेत मित्रवर्यांनी मला या संस्थेचा इतिहास सांगितला. याच संस्थानातील मॉन्टगोमेरी शहरचा रे स्कॉट नावाचा विमा विकणारा एक गृहस्थ १९६७ साली पावसाने मासेमारी बंद पडल्यामुळे मोटेलच्या खोलीत दूरचित्रवाणीवर बास्केटबॉल पाहत बसला होता. चेंडू टाकणाऱ्यांचे सामने भरतात तर गळ टाकणाऱ्यांचे का भरू नयेत, हा प्रश्न त्याच्या मनात उद्भवला, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये अर्कान्सा संस्थानातील बीव्हर सरोवरावर माणशी शंभर डॉलर घेऊन त्याने १०६ स्पर्धक उतरवले. मासेमारांचे सामने त्यापूर्वीही होत, पण त्यांत लबाडीचा एवढा बोलबाला होता, की प्रतिष्ठित मनुष्य तिकडे फिरकत नसे. विम्याच्या धंद्यात राहून मनुष्यस्वभावाविषयी ज्याचा कसलाही गैरसमज उरलेला नाही अशा स्कॉटने म्हणून नियमांची तटबंदी प्रथम बांधली आणि मग आत मासे सोडले. १९७१ साली त्याने पहिली क्लासिक स्पर्धा भरवली, तेव्हा निवडक चोवीस स्पर्धकांना विमानात बसवले आणि विमान आकाशात गेल्यावरच त्यांना कळू दिले, की आपण नेवाडातील मीड सरोवराकडे चाललो आहोत. कारण ठिकाण आधी कळले तर कोणी ना कोणी तेथे जाऊन माशांशी अगोदर संधान बांधील, अशी त्याला खात्री होती. पकडलेले मासे जिवंत सोडण्याची चळवळ त्याने १९७२ मध्ये सुरू केली, आणि आज हा आचार या खेळाचे शीलच होऊन बसला आहे.

"एवढा अविश्वास?" मी विचारले.

"अविश्वास कसला? अनुभव," मित्रवर्य म्हणाले, आणि त्यांनी मला एरी सरोवराची हकीकत सांगितली. तेथे २०२२ सालच्या सप्टेंबरात वॉलाय जातीच्या माशांच्या स्पर्धेत विजयी जोडीचे मासे दिसण्याच्या मानाने भलतेच जड भरले; तेव्हा पंचाने सर्वांसमक्ष त्यांची पोटे फाडली, तो आतून शिशाचे गोळे निघाले. मुद्देमाल जागीच सापडल्यामुळे खटला फार लांबला नाही. पुढील वर्षी दोघांनी गुन्हा कबूल केला, न्यायालयाने दहा दिवसांची कैद ठोठावली आणि नौका सरकारजमा झाली. मित्रवर्यांचा या प्रकरणाविषयीचा तिटकारा अत्यंत प्रामाणिक होता. माशाचे वजन शिशाने वाढवणे हे त्यांच्या मते प्रतिभाशून्यतेचे लक्षण आहे.

आपल्या पक्षाचा भक्कम पुरावा म्हणून त्यांनी मग जॉर्ज पेरीचे नाव घेतले. जॉर्जिया संस्थानातील या वीस वर्षांच्या शेतकऱ्याने २ जून १९३२ रोजी माँटगोमेरी नावाच्या एका तळ्यात, घरी ठोकलेल्या होडीतून, बावीस पौंड चार औंसांचा बास पकडला. शेजारी साक्षीला एक स्नेही होता. काट्यावर वजन झाले, मासिकाच्या स्पर्धेत त्याला पाऊणशे डॉलरांचे सामान बक्षीस मिळाले, आणि जगातला तो सर्वांत मोठा बास पेरीच्या घरच्यांनी शिजवून खाल्ला. तो विक्रम पुढे सत्त्याहत्तर वर्षे कोणास गाठता आला नाही. २००९ साली जपानातील बीवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी जो मासा पकडला तो पेरीच्या माशाहून औंसभर अधिक भरला खरा, पण विक्रम मोडण्यास दोन औंसांचा फरक लागतो असा नियम असल्यामुळे दोघांची बरोबरी जाहीर झाली. आणि ती जाहीर होण्यापूर्वी कुरितांस असत्यशोधक यंत्रापुढे बसावे लागले. एकाचा मासा कालवणात गेला आणि दुसऱ्याचा जबाब यंत्राने तपासला, एवढाच दोन युगांतला फरक.

उजाडण्यापूर्वी आम्ही स्कॉट्सबरोस, गंटर्सव्हिल सरोवराच्या काठी पोहोचलो. हे सरोवर देवाने केलेले नव्हे. १९३३ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या कारकीर्दीत टेनेसी खोरे प्राधिकरण स्थापन झाले, आणि त्याने टेनेसी नदीवर बांधलेले येथील धरण १९३९ मध्ये पुरे होऊन त्यामागे पंचाहत्तर मैल लांब असा जलाशय साचला. मराठी वाचकास या प्राधिकरणाची आठवण असावयास हवी. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर-सदस्य असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेचा जो पाठपुरावा केला, तो याच नमुन्यावर, आणि त्यातूनच १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ जन्मास आले. पूर आवरावा, वीज निर्माण व्हावी, मालाची तारवे चालावीत, असे धरणाचे उद्देश कागदोपत्री नमूद आहेत. धक्क्यावर त्या पहाटे जमलेल्या मंडळींशी बोलल्यावर मात्र माझी अशी समजूत झाली, की रूझवेल्ट यांचा खरा हेतू बास माशांची सोय हाच असून बाकीचे उद्देश काँग्रेसची मंजुरी मिळवण्यापुरते लिहिले होते.

तेथे माझी एका बालमित्राशीही गाठ पडली. पाण्याखाली जी हिरवी कुरणे पसरलेली होती, ज्यांच्या आश्रयाने बास राहतो आणि ज्यांचे नाव घेताना स्पर्धकांचा स्वर मृदू होतो, ती वनस्पती म्हणजे हायड्रिला. शाळेच्या प्रयोगशाळेत चंचुपात्रात उलट्या नरसाळ्याखाली कोंबून, वर परीक्षानळी पालथी घालून, जिच्याकडून आम्ही प्रकाशसंश्लेषणाचे बुडबुडे वसूल केले, तीच ही. आशियातली ही रहिवासी १९५० च्या दशकात शोभेच्या काचपात्रांसाठी फ्लॉरिडात आणली गेली, तेथून निसटली, आणि पाहता पाहता दक्षिणेकडील जलाशयांत तिने आपला अंमल बसवला. नौकाविहार करणारे तिचा उच्छेद मागतात, मासेमार तिच्या रक्षणार्थ उभे राहतात. माझ्या देशाने अमेरिकेस दिलेल्या बुद्धिमंतांविषयी मी पुष्कळ ऐकले होते; अलाबामाच्या धक्क्यावर ज्याविषयी माझे हात हातात घेऊन आभार मानले गेले, ते मात्र हे पाणगवत.

हे आभार फार काळ टिकले नाहीत. वहिनींनी दिलेली फराळाची पिशवी नौकेत ठेवताना तिच्यातून मी जळगावाहून आणलेल्या केळ्याच्या वेफर्सचे पाकीट बाहेर डोकावले, आणि त्यावरील केळीच्या घडाचे चित्र शेजारच्या नौकेतील धिप्पाड गृहस्थाच्या दृष्टीस पडले. त्याने टोपी काढली, एक पाऊल मागे घेतले आणि मित्रवर्यांस हलक्या आवाजात काही सांगितले. नौकेवर केळे येणे हा अमेरिकन मासेमारांत घोर अपशकुन मानतात. केळे पाहिलेला मासा त्या दिवशी गळास तोंड लावीत नाही, असा त्यांचा सिद्धांत आहे. आता, ज्या जिल्ह्याच्या केळीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले त्या जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यात, केळीच्या मळ्यात मित्रवर्यांचा जन्म झालेला; त्यांच्या कॉलेजची फी आणि परदेशगमनाचे भाडे घडांनी भरले गेले. या मातृभूमीच्या फळाची बाजू ते घेतील अशी माझी अपेक्षा होती. मित्रवर्य म्हणाले, "हे पाकीट माझे नव्हे."

मी ते माझे असल्याचे कबूल करून एक कायदेशीर मुद्दा उपस्थित केला, की अपशकुन फळास लागू असला तरी सोललेल्या, चिरलेल्या, तेलात तळलेल्या आणि मीठ लावलेल्या पदार्थास तो लागू होतो काय? हा वाद व्यवस्थापकांपुढे रुजू झाला. त्यांनी नियमपत्रिका चाळली, ती या बाबतीत मूक असल्याचे जाहीर केले, आणि निवाडा दिला, की पाकीट नौकेवर नेऊ नये. मात्र ते धक्क्यावर, स्पर्धा सुरू होण्यापूर्वी, पंचांसमक्ष संपवण्यास हरकत नाही. पंच चवीने खाणारे होते. पाच मिनिटांत अपशकुनाचा मागमूस उरला नाही.

त्यानंतर प्रार्थना झाली, राष्ट्रगीत झाले, आणि अंधारात लाल-हिरवे दिवे लुकलुकत असलेल्या नौका क्रमांकवार सोडण्यात आल्या. चालकाच्या अंगरख्यास एक दोरी बांधलेली असते, तो पाण्यात फेकला गेल्यास ती निसटून यंत्र बंद पडते. अशी दोरी मला का नाही, असे विचारता मित्रवर्यांनी सांगितले, की मी फेकला गेल्यास यंत्र बंद पडण्याचे काही कारण नाही. ताशी सत्तर मैलांनी एप्रिलच्या पहाटवाऱ्यातून जाताना मनुष्याच्या डोळ्यांतून जे पाणी वाहते ते दुःखाचे नसते, पण आनंदाचेही नसते. दोन्ही काठांवर डॉगवुडची झाडे पांढरी फुलली होती, असे मला नंतर सांगण्यात आले.

मासेमारी म्हणजे स्वस्थ बसणे, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी बास पकडणाऱ्याच्या शेजारी उभे राहून पाहावे. एका प्रहरात मित्रवर्यांनी गळ किती वेळा फेकला याची गणती कोणी केली असती तर ती मानमोडीच्या कामाच्या मजुरीस पुरेशी ठरली असती. आमिषांच्या पेटाऱ्यात जिवंत असे काही नव्हते. ओहायोतील अॅक्रन येथे निक क्रीम याने १९४९ साली घरी प्लास्टिकचा गांडूळ ओतला, तेव्हापासून खऱ्या गांडुळास या खेळातून रजा मिळाली आहे. मित्रवर्यांकडे ही गांडुळे इतक्या रंगांत होती, की वहिनींकडे रेशमाचे दोरेही तेवढ्या छटांत नसावेत. खुळखुळ वाजणारे रॅट-एल-ट्रॅप होते. आणि 'अलाबामा रिग' म्हणून कापड उडालेल्या छत्रीच्या काड्यांसारखे एक यंत्र होते, त्याच्या पाच काड्यांना पाच खोटे मासे लटकवलेले असतात. याच सरोवरावर २०११ च्या ऑक्टोबरात पॉल इलायस याने ते वापरून मोठी स्पर्धा जिंकली, आणि एका गळास एवढी आमिषे लावणे न्याय्य आहे की कसे, यावरून या खेळात असे रण माजले, की काही बड्या स्पर्धांनी त्यावर बंदी घातली.

पण सर्वांत विलक्षण वस्तू म्हणजे नौकेच्या नाकाडावरचा पडदा. पाण्यात ध्वनिलहरी सोडून समोर काय आहे ते हे यंत्र चालत्या चित्रात दाखवते. मासा ठिपक्याच्या रूपाने येतो, आमिषापाशी थांबतो, आणि निघून जातो. पूर्वीच्या काळी मासा आमिषाकडे पाठ फिरवी, ते माणसास कळत नसे आणि त्याचा दिवस आशेत जाई. आता हा अपमान रंगीत पडद्यावर, घडत असतानाच, उघड्या डोळ्यांनी पाहावा लागतो. मित्रवर्य प्रत्येक ठिपक्यास जाताना वजन सांगत होते. "हा चार पौंड. हा सहाचा. अरे, हा बघ, हा!" ठिपके सर्व सारख्याच आकाराचे होते.

माझ्या गळास जो मासा प्रथम लागला त्याची मोजणी मोठ्या इतमामाने झाली. जबडा पट्टीच्या टोकास टेकवावा, तोंड मिटलेले असावे, शेपटी चिमटून लांब करण्यास मुभा असावी, असा परिपाठ आहे. मुभेचा पुरेपूर उपयोग करूनही मासा पाऊण इंच कमी भरला. पट्टीवर पडलेल्या माशाचे मत कोणी विचारले नाही, तरी पाण्यात परत जाताना त्याने शेपटीने माझ्या चष्म्यावर दिलेला शिडकावा निःसंदिग्ध होता. मित्रवर्यांच्या हौदात मात्र दुपारपर्यंत चार मासे जमा झाले, आणि मग 'तो' आला.

हायड्रिलाच्या शेंड्यात अडकलेले रॅट-एल-ट्रॅप झटक्याने सोडवून घेतले, की दबा धरून बसलेला बास त्यावर हटकून झेप घेतो, हे वसंतातले या सरोवरावरील मुख्य शास्त्र. मित्रवर्यांनी झटका दिला आणि काठीची कमान झाली. तीन दशकांहून अधिक काळ इंग्रजीत विचार करणारा हा मनुष्य त्या क्षणी थेट रावेरास पोहोचला. "काय करून राहिला रे भो! जाळी घाल खाली! खाली, खाली!" मी जाळी घातली. हिरवट पाठीचा, कुशीवर काळा पट्टा असलेला, आणि तोंड उघडले असता मूठ सहज आत जावी एवढ्या जबड्याचा एक जीव आत आला. ही मादी होती. या जातीत मोठ्या सर्व माद्याच असतात, आणि अंडी घालून त्या निघून गेल्यावर घरटे राखण्याचे, पिले सांभाळण्याचे काम नर करतो. मित्रवर्यांनी तिला दोन्ही हातांत धरले आणि वजन उच्चारले: आठ पौंड.

चहा पिऊन होईतो ती साडेआठ झाली. परतीच्या वाटेवर, वाऱ्यामुळे बोलणे ऐकू येत नसल्याने, मित्रवर्यांनी मला नऊ बोटे दाखवली. धक्क्यास लागताना ते म्हणाले, की नऊच्या आत असण्याचे काही कारण त्यांना दिसत नाही.

काट्यापुढची रांग हे या साऱ्या प्रवासातले माझ्या मते सर्वांत प्रेक्षणीय स्थळ. पाण्याने भरलेल्या पिशव्या हाती धरून कित्येक प्रौढ, संसारी, कर भरणारे पुरुष तेथे उभे होते, आणि त्या प्रत्येकाच्या चर्येवर, सकाळपासून जोपासलेला एक आकडा आता सरकारी आकड्याशी ताडून पाहिला जाणार, याची छाया होती. वजन करणारे गृहस्थ पिशवी घेत, मासे जिवंत आहेत याची खात्री करून घेत, आणि पौंडाच्या शंभराव्या भागापर्यंतचा फैसला ध्वनिक्षेपकावर वाचून दाखवीत. अकरा म्हणून आलेला नऊ होऊन जात होता, सहा म्हणून आलेला चार. कोणी अपील केले नाही. पाच माशांचे मिळून आमचे वजन चौदा पौंडांच्या आसपास भरले, आणि त्यांतील थोरलीचे वेगळे वजन जाहीर झाले: पाच पौंड अकरा शतांश. मित्रवर्यांनी टोपी काढून पंचांचे आभार मानले, मासे सोडावयास नेणाऱ्या हौदात स्वतःच्या हाताने घातले, आणि पहिल्या आलेल्या जोडीचे वजन आमच्या जवळजवळ दुप्पट असल्याचे ऐकून मनापासून टाळ्या वाजवल्या. हौदात कोंडलेला मासा खाल्लेले ओकून टाकतो आणि हलका होतो, एवढेच ते मला म्हणाले. आणि ही गोष्ट शास्त्रतः खरी आहे. चार पौंडांचे मात्र तिने काय खाल्ले असावे, हे शास्त्र सांगत नाही.

येथे स्पर्धा संपली, आणि माझ्या समजुतीप्रमाणे रे स्कॉटचा विजय झाला. पण सायंकाळी मोटारतळावर, नौका पाण्याबाहेर काढून झाल्यावर, ट्रकांच्या मागल्या फळ्या खाली पाडून मंडळी गोड थंडगार चहा पीत बसली, आणि तेथे दुसरे सत्र सुरू झाले. स्कॉट्सबरो गावात, विमानकंपन्यांकडे पडून राहिलेल्या बेवारशी सामानाची विक्री करणारे एक विख्यात दुकान १९७० पासून चालू आहे. हरवलेल्या वस्तूंची रास्त किंमत ठरवण्याची परंपरा त्या गावच्या पाण्यातच असावी. कारण मोटारतळावर पकडलेल्या माशाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. जो तो निसटलेल्याबद्दल बोलत होता. एकाची दोरी तुटली होती, एकाचा गळ सरळ झाला होता, एकाचा मासा जाळीच्या काठावरून परत गेला होता, आणि या माशांत दहा पौंडांच्या आतला एकही नव्हता. दिवसभर शतांशांत बोलणारे वजनाचे गृहस्थही काटा गाडीत बंद करून आमच्यात येऊन बसले, आणि दोन्ही हात फाकवून, मागल्या वर्षी आपल्या हातून गेलेला मासा त्यांनी दाखवला. तो फळीवर मावत नव्हता.

तेव्हा माझ्या ध्यानात आले, की काट्याने माणसाच्या प्रतिभेस आळा बसलेला नाही. तिचे फक्त स्थलांतर झाले आहे. पकडलेला मासा सरकारी अंमलाखाली गेला, म्हणून निसटलेल्यास पूर्ण स्वातंत्र्य मिळाले, आणि असत्यशोधक यंत्रास त्यात लक्ष घालण्याचे कारण नाही, कारण निसटलेल्या माशास बक्षीस नसते. मित्रवर्यांनी हे रहस्य केव्हाच ओळखले होते, आणि म्हणूनच त्या कलमाखाली सही करताना त्यांचा हात कापला नव्हता. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी माझ्याकडे साक्षीसाठी पाहून एका माशाची कथा सांगितली, जी सकाळी पडद्यावरच्या एका ठिपक्याने सुरू झाली होती आणि आता तेरा पौंडांवर येऊन थांबली. सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली, आणि तेराचे चौदा करण्यास वाव आहे असे माझे मत इंग्रजीत नमूद केले.

गंटर्सव्हिलकडे जाऊ इच्छिणाऱ्या मराठी प्रवाशांस माझे सांगणे एवढेच आहे. परवाना आधी काढावा, डोळ्यांवर गच्च बसणारा चष्मा न्यावा, आणि केळ्याचे वेफर्स अवश्य न्यावेत, पण ते धक्क्यावरच संपवावेत. पकडलेल्या माशाचे वजन काट्यास विचारावे, निसटलेल्याचे मित्रास विचारावे, आणि दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत असे धरून चालावे. मैत्रीत मोजमाप आणणारा मनुष्य कितीही सत्यवादी असला, तरी त्याला नौकेत दुसऱ्यांदा कोणी बसवीत नाही.